सेल इंज्युरी पाठ न करता समजून कशी घ्यायची: बीट, हार्ट आणि लॅबचा रिपोर्ट

पॅथॉलॉजी सुरू झालं की पहिला मोठा चॅप्टर हाच येतो, सेल इंज्युरी, म्हणजे पेशीला होणारी इजा. आणि बहुतेक मुलं तो याद्यांसारखा वाचतात, कारणं इतकी, रिव्हर्सिबलचे (परत फिरू शकणारे) बदल इतके, नेक्रोसिसचे (पेशी फुटून मरण्याचे) प्रकार इतके, मग व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) एक साधा प्रश्न येतो की पेशी का सुजते, आणि तिथेच सगळं अडतं. एमबीबीएसच नाही, बीडीएस, बीएएमएस, फिजिओ, नर्सिंग, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा कोर्स), सगळ्यांना हा भाग कुठल्या ना कुठल्या रूपात असतोच, आणि खरं सांगायचं तर पुढची सगळी मेडिसिन याच्यावर उभी आहे, म्हणून याला परीक्षेपुरतं उरकू नका असं मी ज्युनिअर्सना कळकळीने सांगते.

माझ्या मते या चॅप्टरमध्ये धरून ठेवायची गोष्ट एकच आहे, ती म्हणजे मेंब्रेन, पेशीभोवतीचा पातळ पडदा. पेशीचं मेंब्रेन शाबूत आहे तोपर्यंत बऱ्याचदा पेशी परत येऊ शकते. ते झिरपायला लागलं की आतलं सामान बाहेर येतं आणि बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं, आणि मग परतीचा रस्ता बंद. रक्तात आपण जे ट्रोपोनिन, एसजीपीटी, सीपीके (हार्ट, लिव्हर आणि स्नायूंच्या पेशींमधली प्रोटीन्स) मोजतो ते सगळं हेच बाहेर आलेलं सामान. हे एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा, आणि प्रत्येक बदलाला एकच प्रश्न विचारा, इथून परत येता येतं का.

आधी एक बीट कापा

हा प्रयोग घरी करा, अर्धा तास लागतो आणि आयुष्यभर लक्षात राहतो. बीटाची साल काढा, साधारण एक सेंटीमीटरचे सारखे तुकडे करा आणि नळाखाली चांगले धुवा, पाणी जवळपास स्वच्छ यायला लागेपर्यंत, कारण सुरीने ज्या पेशी कापल्या गेल्या त्यांचा रंग सुटणारच आणि तो आपल्याला मोजायचा नाहीये. मग एक तुकडा साध्या पाण्यात, एक कोमट पाण्यात, एक उकळत्या पाण्यात (हे स्टीलच्या वाटीत करा, काच तडकते), आणि एक असा की जो आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवला होता, तो साध्या पाण्यात टाका. जमलं तर अजून एक तुकडा स्पिरिटमध्ये, पण तो गॅसपासून लांब ठेवा.

साध्या पाण्यातला तुकडा फारसा रंग सोडत नाही, कोमटातलाही नाही. उकळत्या पाण्यातलं पाणी लालभडक होतं, फ्रीझरवाल्याचं पण, आणि स्पिरिटमध्येही रंग उतरतो. बीटाचा लाल रंग पेशीच्या आत व्हॅक्यूओल नावाच्या पिशवीत कोंडलेला असतो, बाहेर यायचं तर त्याला दोन मेंब्रेन ओलांडावी लागतात. उष्णतेने मेंब्रेनमधली प्रोटीन्स मोडतात, साधारण 60 अंशांच्या वर हे जोरात होतं. गोठवल्यावर बर्फाचे स्फटिक मेंब्रेन फोडतात. स्पिरिट मेंब्रेनमधल्या चरबीला अस्ताव्यस्त करतं. कारणं तीन, तिन्ही वेगळी, पण निकाल एकच, रंग बाहेर. पुस्तकात कारणांची यादी भलीमोठी असते, ऑक्सिजन कमी पडणं, विष, इन्फेक्शन, इम्युन रिअॅक्शन, जीन्समधले दोष, पोषण, उष्णता, रेडिएशन, पण पेशी मोडण्याच्या जागा मोजक्याच आहेत: मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं), मेंब्रेन, कॅल्शियमचा तोल, प्रोटीन्स आणि डीएनए. म्हणून कारणं पाठ करत बसू नका, जागा नीट समजून घ्या.

दुसरा भाग बटाट्याचा. पातळ चकत्या करून मिठाच्या पाण्यात ठेवा, ग्लासभर पाण्याला चमचाभर मीठ. थोड्या वेळाने चकती लुळी पडते, वाकवली तर मोडत नाही. आता ती साध्या पाण्यात टाका, बऱ्यापैकी ताठ होते परत. हीच गोष्ट उकडलेल्या चकतीवर करून बघा, काही होत नाही, कारण पाणी आत ओढून धरणारं मेंब्रेनच उरलेलं नाही. आपल्या शरीरात इंज्युरी झालेली पेशी बहुतेक वेळा आक्रसत नाही, उलट पाण्याने फुगते, त्यामुळे दिशा इथे उलटी आहे हे ध्यानात ठेवा, पण परत येणारी आणि न येणारी पेशी म्हणजे काय हे हाताला कळतं.

लॅबमध्ये हेच रोज वापरतात. ट्रायपॅन ब्लू नावाचा रंग पेशींवर टाकतात, जिवंत पेशी त्याला आत घेत नाही, मेलेली निळी होते, आणि त्यावरून किती टक्के पेशी जिवंत ते मोजतात.

आता एक पेशी पकडा आणि घड्याळ लावा

सगळे बदल एकदम वाचले की गोंधळ होतो. त्यापेक्षा एकच पेशी घ्या, हार्टच्या स्नायूची, आणि तिचा रक्तपुरवठा या क्षणी बंद झाला असं धरा, म्हणजे एलएडी नावाची पुढची धमनी गुठळीने बुजली. मी हार्ट घेते कारण याचे मिनिटामिनिटाचे हिशोब माहीत आहेत. शिकागोमध्ये रॉबर्ट जेनिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 साली कुत्र्यांच्या हार्टची धमनी ठरावीक वेळ बांधून परत सोडली आणि कुठल्या मिनिटापर्यंत स्नायू वाचतो ते पाहिलं.

पहिलं मिनिट. ऑक्सिजन संपला, मायटोकॉन्ड्रियात एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, बनणं थांबलं, आणि साधारण एका मिनिटाच्या आत तो भाग आकुंचन पावणं सोडतो. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, काम थांबलं म्हणजे पेशी मेली असं नाही. ती अजून पूर्ण जिवंत आहे.

साधारण दहाव्या मिनिटाला एटीपी निम्म्यावर येतं. आता एकेक गोष्ट एटीपीला जोडून वाचा म्हणजे पाठ करायची गरजच राहत नाही. सोडियम बाहेर टाकणारा पंप एटीपीवर चालतो, तो मंदावला, सोडियम आत साठलं, त्याच्यामागे पाणी आलं, पेशी सुजली. झालं, व्हायव्हाच्या प्रश्नाचं उत्तर हेच. एटीपी कुठूनतरी मिळवायचं म्हणून पेशी ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज जाळते, त्यासाठी साठवलेलं ग्लायकोजेन संपवते, लॅक्टिक अॅसिड साठतं, पीएच खाली येतो, न्यूक्लियसमधलं क्रोमॅटिन (गुंडाळलेला डीएनए) गोळा होतं. एंडोप्लाझमिक रेटिक्युलम (पेशीतलं नळ्यांचं जाळं) फुगतं आणि त्याच्यावरचे प्रोटीन बनवणारे रायबोसोम सुटतात, म्हणून प्रोटीन बनणं कमी होतं. मेंब्रेनवर फुगे येतात ज्यांना ब्लेब म्हणतात. हे सगळं अजून रिव्हर्सिबल आहे. साधारण 20 मिनिटांच्या आत रक्त परत आलं तर पेशी वाचते, फक्त काही तास किंवा काही दिवस ती नीट आकुंचन पावत नाही, ज्याला स्टनिंग म्हणतात.

20 ते 40 मिनिटं. इथे रेषा ओलांडली जाते. 40 मिनिटांपर्यंत एटीपी जवळपास दहा टक्क्यांवर आलेलं असतं. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा साधारण दहा हजार पट जास्त असतं, आणि हा फरक टिकवायला पेशी सतत एटीपी खर्च करत असते. तो खर्च परवडेना झाला की कॅल्शियम आत येतं, आणि ते आत आल्यावर झोपलेली एन्झाइम्स जागी होतात: फॉस्फोलायपेज मेंब्रेन खातं, प्रोटिएज आतला सांगाडा कापतं, एंडोन्यूक्लिएज डीएनए तोडतं. मायटोकॉन्ड्रियाच्या मेंब्रेनमध्येही मोठी छिद्रं उघडतात आणि एटीपी बनवायची उरलीसुरली शक्यता जाते. रिव्हर्सिबल आणि इरिव्हर्सिबलमधला फरक लिहायला सांगितला तर याच दोन गोष्टी आधी लिहा, मायटोकॉन्ड्रिया परत सुरू न होणं आणि मेंब्रेनचं काम कायमचं बिघडणं, बाकीचे मुद्दे त्यानंतर. पेशीगणिक हा वेळ बदलतो हेही जोडा, मेंदूतले न्यूरॉन तीन ते पाच मिनिटंच तग धरतात आणि पायाचे स्नायू दोन-तीन तास काढतात.

आता मुलं जिथे हमखास चुकतात तो भाग. पेशी अर्ध्या-पाऊण तासात मेली, पण साध्या मायक्रोस्कोपखाली पहिले साधारण चार तास काहीच दिसत नाही. मरण आधी, दिसणं नंतर. म्हणूनच अटॅक येऊन तासाभरात गेलेल्या माणसाच्या पोस्टमॉर्टममध्ये हार्टचा स्नायू डोळ्यांना अगदी नॉर्मल दिसू शकतो. तिथे टीटीसी नावाचं द्रावण मदतीला येतं, म्हणजे मृत्यूच्या आधी दोन-तीन तास तरी मिळाले असतील तर. हार्टचा काप त्यात ठेवला की जिवंत असलेला स्नायू विटकरी लाल होतो, कारण त्यातली डीहायड्रोजिनेज एन्झाइम्स काम करतात, आणि मेलेला भाग फिकट राहतो, कारण त्याची एन्झाइम्स झिरपून गेलेली असतात. परत तेच, मेंब्रेन.

पुढचा क्रम भरभर सांगते. 4 ते 12 तासांत कोअॅग्युलेटिव्ह नेक्रोसिस (पेशीची आकृती तशीच, पण आत जीव नाही) दिसायला लागतो, दिवसभरात पेशी जास्त गुलाबी होतात आणि न्यूक्लियस आक्रसतो, 1 ते 3 दिवस न्यूट्रोफिल्स (पहिल्यांदा धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी), 3 ते 7 दिवस मॅक्रोफेज (गिळणाऱ्या पेशी) मेलेलं उचलतात आणि याच काळात भिंत सगळ्यात मऊ असल्याने हार्ट फुटण्याचा धोका असतो, 7 ते 10 दिवसांत ग्रॅन्युलेशन टिश्यू (जखम भरणारा नवा टिश्यू), आणि साधारण दोन महिन्यांत पांढरा घट्ट वण. हार्टच्या पेशी पुन्हा वाढून ती जागा भरत नाहीत.

या सगळ्या पेशी एकदम मरत नाहीत. मरण हार्टच्या आतल्या थरापासून सुरू होतं आणि काही तासांत बाहेरच्या थराकडे सरकत जातं. म्हणजे पहिल्या तासात पोचलेल्या पेशंटचा बराच स्नायू अजून वाचवण्यासारखा असतो. छातीत दुखायला लागलं, घाम फुटला, हात-जबडा भरून आला की आपल्याकडे अजूनही गॅस झालाय म्हणून ओवा आणि सोडा देऊन रात्र काढतात. तुम्ही हा चॅप्टर शिकलात ना, मग घरच्यांना सांगा की थांबायचं नाही, 108 ला फोन करायचा आणि ईसीजीची सोय असेल तिथे जायचं. तो एक तास म्हणजे पेशींचा हिशोब आहे.

रक्त परत आणलं की सगळं आलबेल असंही नाही. अचानक ऑक्सिजन मिळाल्यावर जखमी मायटोकॉन्ड्रिया फ्री रॅडिकल्सचा (नासधूस करणाऱ्या रेणूंचा) लोंढा सोडतात, कॅल्शियम अजून घुसतं, आणि काही पेशी याच वेळी मरतात, ती रिपर्फ्युजन इंज्युरी. स्लाइडवर त्या स्नायूत आडवे गडद गुलाबी पट्टे दिसतात, कॉन्ट्रॅक्शन बँड. तरीसुद्धा धमनी उघडणं हे न उघडण्यापेक्षा कितीतरी चांगलं, यात शंका ठेवू नका.

आणि मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट. 1986 मध्ये मरी, जेनिंग्ज आणि रीमर यांनी कुत्र्यांच्या हार्टची धमनी आधी पाच-पाच मिनिटं चार वेळा बंद केली, मध्ये पाच-पाच मिनिटं सोडली, आणि मग 40 मिनिटं बंद ठेवली. ज्यांना आधीची छोटी छोटी बंद मिळाली होती त्यांच्यात मेलेला भाग बाकीच्यांच्या तुलनेत फक्त 25 टक्के होता. याला प्रीकंडिशनिंग म्हणतात. पेशी नुसती मार खात नाही, लहान माराला उत्तर म्हणून स्वतःला बदलते.

रिपोर्ट कसा वाचायचा

आता मेंब्रेनचं तत्त्व घेऊन लॅबच्या कागदाकडे या. रिपोर्टमधल्या प्रत्येक आकड्याला विचारा, हे सामान कुठल्या पेशीचं आणि ते कधी बाहेर आलं.

ट्रोपोनिन हार्टच्या स्नायूचं प्रोटीन, अटॅकनंतर दोन-चार तासांत वाढायला लागतं आणि आठवडाभर तरी वर राहतं. म्हणून दुखणं सुरू झाल्यावर लगेच काढलेलं ट्रोपोनिन नॉर्मल आलं तर खुश होऊन घरी जायचं नसतं, काही तासांनी परत करतात. सीके-एमबी (सीपीकेचा मुख्यतः हार्टमधला प्रकार) दोन-तीन दिवसांत खाली येतं, त्यामुळे चौथ्या-पाचव्या दिवशी ते परत वर गेलं तर दुसरा अटॅक आला का असा विचार करता येतो.

एसजीपीटी म्हणजे एएलटी मुख्यतः लिव्हरचं. एसजीओटी म्हणजे एएसटी लिव्हर, हार्ट, स्नायू, लाल पेशी अशा बऱ्याच ठिकाणचं. म्हणून डेंग्यूत एसजीओटी बऱ्याचदा एसजीपीटीपेक्षा जास्त येतं, स्नायूंचाही त्यात वाटा असतो. जिममध्ये पहिल्याच आठवड्यात अंगाबाहेरचं वजन उचललेल्या मुलाचं सीपीके आणि एसजीओटी वाढलेलं दिसतं, त्याचं लिव्हर बिघडलंय असं लगेच म्हणू नका, आधी त्याला काय केलं ते विचारा, आणि लघवी चहाच्या रंगाची होत असेल तर मात्र लगेच डॉक्टर गाठायला सांगा, कारण स्नायूतलं मायोग्लोबिन किडनीला बसतं. दारूने बिघडलेल्या लिव्हरमध्ये एसजीओटी बऱ्याचदा एसजीपीटीच्या दुप्पट किंवा जास्त असतं.

एक गोष्ट इथे ठासून सांगते, कारण पेशंटचे नातेवाईक आणि कधीकधी इंटर्नसुद्धा यात फसतात. एसजीपीटी लिव्हरचं काम मोजत नाही, तुटफूट मोजतं. काम बघायचं तर अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रोटीन) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची टेस्ट) बघा. गंभीर हिपॅटायटिसच्या पेशंटचं एसजीपीटी हजारांवरून झपाट्याने खाली आलं आणि त्याच वेळी आयएनआर वाढत गेलं, पेशंट गुंगीत जायला लागला, तर ती सुधारणा नसते. झिरपायला पेशीच उरल्या नाहीत म्हणून आकडा पडतो.

पोटॅशियम हे सगळ्यात झटपट बाहेर येणारं सामान, पेशीच्या आत साधारण 140 आणि बाहेर रक्तात 4 मिलिमोल प्रति लिटरच्या आसपास. डीएमएलटीवाल्यांनो, बारीक सुईने जोरात ओढलेलं रक्त, फेसाळलेला सॅम्पल, लालसर सिरम आणि पोटॅशियम 6.5, तर घाबरण्याआधी सॅम्पलकडे बघा, लाल पेशी सिरिंजमध्येच फुटल्या असतील, नवा सॅम्पल घ्या. पण ढिगाऱ्याखाली पाय अडकलेल्या माणसाला बाहेर काढल्यावर तेच पोटॅशियम खरोखर वाढतं आणि हार्ट थांबवू शकतं. 1941 मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा बायवॉटर्स आणि बील यांनी अशा पेशंट्सचं वर्णन केलं, बाहेर काढल्यावर ठीक वाटणारी माणसं नंतर किडनी बंद पडून जात होती. क्रश सिंड्रोम तो हाच.

मरायचे दोन रस्ते

नेक्रोसिस आणि अपॉप्टोसिस यांचा तक्ता सगळे पाठ करतात. तक्ता पाठ करा, हरकत नाही, पण मेंब्रेनवरून तो आपोआप बनतो. नेक्रोसिसमध्ये मेंब्रेन फुटतं, सामान बाहेर पडतं, शरीराला धोक्याचा संदेश जातो, न्यूट्रोफिल्स धावत येतात, सूज येते. अपॉप्टोसिसमध्ये मेंब्रेन शेवटपर्यंत शाबूत राहतं, पेशी आक्रसते, छोट्या छोट्या पुड्यांमध्ये वाटली जाते आणि शेजारची पेशी किंवा मॅक्रोफेज त्या पुड्या गिळून टाकतात, काही सांडत नाही, म्हणून सूज नाही. गिळणाऱ्याला कळतं कसं, तर फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचं लिपिड एरवी मेंब्रेनच्या आतल्या बाजूला असतं, ते बाहेरच्या बाजूला पलटतं. लॅबमध्ये वापरतात ते अॅनेक्सिन व्ही नावाचं प्रोटीन त्याला चिकटतं आणि प्रोपिडियम आयोडाइड हा रंग फक्त फुटक्या पेशीत शिरतो, म्हणून पहिलं पॉझिटिव्ह आणि दुसरं निगेटिव्ह असेल तर अपॉप्टोसिसची सुरुवात.

जॉन केर, अँड्रू वायली आणि अॅलिस्टर करी यांनी 1972 मध्ये हा प्रकार वेगळा म्हणून मांडला. मग एका मिलिमीटरच्या सी. एलिगन्स अळीत तर मोजूनच झालं, तिच्या वाढीत 1090 पेशी बनतात आणि त्यातल्या 131 ठरलेल्या वेळी मरतात, दर वेळी त्याच. या अळीवरच्या कामाला 2002 चं नोबेल मिळालं, ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना. गर्भात आपली बोटं सुटी होतात ती मधल्या पेशी अशाच मरतात म्हणून.

रस्ता लक्षात ठेवायला दोन दारं पुरे. आतलं दार मायटोकॉन्ड्रियाचं: डीएनए खराब झाला, बॅक्स आणि बॅक या प्रोटीन्सनी छिद्रं पाडली, सायटोक्रोम सी बाहेर आलं, कॅस्पेज 9 (कॅस्पेज म्हणजे प्रोटीन कापणारी एन्झाइम्स). बाहेरचं दार फॅससारख्या रिसेप्टरचं, कॅस्पेज 8. दोन्ही शेवटी कॅस्पेज 3 वर येतात. नेक्रॉप्टोसिस, पायरॉप्टोसिस, फेरॉप्टोसिस हे पुढचे प्रकार नंतर वाचा, आधी हे दोन पक्के होऊ दे.

नेक्रोसिसचे प्रकार जागेवरून लक्षात ठेवा. हार्ट, किडनी, स्प्लीनचा रक्तपुरवठा तुटला की कोअॅग्युलेटिव्ह, आकृती तशीच पण आत जीव नाही. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला किंवा कुठेही पू झाला की लिक्विफॅक्टिव्ह, म्हणजे विरघळून पातळ होणारं. टीबीत केसिअस (चीजसारखं), तिथे मूळ आकृतीसुद्धा पुसली जाते आणि भोवती ग्रॅन्युलोमा (मॅक्रोफेजचा घेराव) असतो, आपल्याकडे टीबीच्या गाठी इतक्या येतात की ही स्लाइड तुम्हाला डोळे मिटून ओळखता आली पाहिजे. पॅन्क्रियाच्या आजूबाजूला खडूसारखे पांढरे ठिपके म्हणजे फॅट नेक्रोसिस. रक्तवाहिनीच्या भिंतीत फिब्रिनॉइड, म्हणजे फिब्रिनसारखं गुलाबी दिसणारं. डायबेटिक पायाचं गँगरीन हे वॉर्डातलं नाव, आत कोअॅग्युलेटिव्ह आणि इन्फेक्शन झालं तर वरून लिक्विफॅक्टिव्ह.

विषाचं एक उदाहरण नीट करा, बाकीची आपोआप येतील

पॅरासिटामॉल घ्या. ठरलेल्या डोसमध्ये चांगलं औषध आहे, लिव्हर त्याचा बराचसा भाग निरुपद्रवी करून बाहेर काढतं. थोडा भाग लिव्हरमधल्या सीवायपी नावाच्या एन्झाइम्समधून जाऊन एनएपीक्यूआय नावाचं घातक रसायन बनतो, पण ग्लुटाथायोन हे पेशीचं संरक्षक रसायन त्याला लगेच पकडतं. डोस फार झाला की ग्लुटाथायोन संपतं, आणि मग ते रसायन पेशीच्या प्रोटीन्सना आणि मायटोकॉन्ड्रियाला चिकटतं. ही सीवायपी एन्झाइम्स लिव्हरच्या लोब्यूलमध्ये (लिव्हरच्या छोट्या घटकात) सेंट्रल व्हेनच्या, म्हणजे मधल्या शिरेच्या भोवती जास्त असतात, म्हणून नेक्रोसिसही तिथेच. यावरचं अँटिडोट एन-अॅसिटिलसिस्टीन परत ग्लुटाथायोन बनवून देतं, आणि पहिल्या आठ तासांत दिलं तर सगळ्यात चांगलं काम करतं. पहिल्या दिवशी पेशंट जवळपास ठीक वाटू शकतो, फार तर मळमळ, उलटी. त्यामुळे गोळ्या जास्त गेल्यात असं कळलं तर लक्षणांची वाट न बघता लगेच हॉस्पिटल.

हळूहळू, रोज थोडी थोडी इंज्युरी झाली तर पेशी मरण्याऐवजी रूप बदलते. बीपीमुळे हार्टचे स्नायू जाड होतात, प्लास्टरमधला पाय बारीक होतो, सिगारेट ओढणाऱ्याच्या श्वासनलिकेतल्या केसाळ पेशींच्या जागी चपट्या पेशी येतात. या बदलांना तोच प्रश्न विचारा. प्लास्टर काढून व्यायाम केला की पाय भरतो. सिगारेट सोडली की पेशींचा हा प्रकारबदल, म्हणजे मेटाप्लेझिया, मागे जाऊ शकतो. पण सुपारी-गुटख्याने तोंड आखडतं त्याचं तसं नाही. सुपारीतलं अॅरेकोलिन फायब्रोब्लास्टना कोलॅजन बनवायला लावतं, तिच्यातलं तांबं त्या कोलॅजनला घट्ट बांधणाऱ्या एन्झाइमला जोर देतं, आणि गालाच्या आत पांढरे कडक पट्टे तयार होतात, जेवताना जळजळ होते, तोंड दोन बोटंही उघडत नाही. खाणं सोडलं तर पुढची वाढ थांबू शकते, तयार झालेला पट्टा सहसा विरघळत नाही, आणि पुढे त्यात कॅन्सरही होऊ शकतो. महाराष्ट्रात 2012 पासून गुटखाबंदी आहे, पण डेंटलच्या ओपीडीत विशीतली मुलं हे घेऊन येतात, आणि नुसती सुपारी चालते असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. चालत नाही.

स्लाइड आणि पेपर

प्रॅक्टिकलला स्लाइड आली की लगेच मोठ्या लेन्सवर उडी मारू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी धरा, फिकट पट्टा दिसतो का बघा. मग लो पॉवरवर नॉर्मल भाग आणि मेलेला भाग यांची सीमा शोधा, किडनीच्या इन्फार्क्टमध्ये (रक्तपुरवठा तुटून मेलेल्या भागात) ती स्पष्ट असते. मग हाय पॉवरवर फक्त दोन गोष्टी. रंग: मेलेली पेशी जास्त गुलाबी, कारण निळा रंग घेणारं आरएनए कमी होतं आणि बिघडलेली प्रोटीन्स इओसिन हा गुलाबी रंग जास्त पकडतात. न्यूक्लियस: आक्रसलेला असेल तर पिक्नोसिस, तुकडे झाले असतील तर कॅरिओऱ्हेक्सिस, विरून गेला असेल तर कॅरिओलिसिस. ग्लोमेरुलसचा (किडनीतल्या गाळणीचा) गोल दिसतोय पण त्यात न्यूक्लियस नाहीत, इतकं बोललात तरी परीक्षकाला कळतं की तुम्ही स्लाइड पाहिली आहे.

थिअरीच्या पेपरमध्ये मेकॅनिझमचा प्रश्न आला तर फ्लोचार्ट काढा, पण बाणांवर शब्द लिहा. एटीपी कमी, बाण, सूज, असं नको. मधे पंप बंद, सोडियम आत, पाणी आत, हे पाहिजे. मार्क तिथेच असतात.

सगळं वाचून झालं की पुस्तक बंद करा आणि किडनी घेऊन स्वतः सोडवा. शॉकमधल्या पेशंटची लघवी बंद झाली, क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) चढतंय. कुठल्या पेशी आधी जातील, आणि पेशंटची किडनी परत येईल का? उत्तर असं: प्रॉक्सिमल ट्यूब्यूल या किडनीतल्या नळीचा सरळ भाग आणि तिच्या पुढच्या हेन्लेच्या लूपचा जाड भाग आधी, कारण तिथे रक्त मुळात कमी आणि पंप चालवायला एटीपी प्रचंड लागतं. सुजलेल्या, मेलेल्या पेशी सुटून ट्यूब्यूलमध्ये अडकतात, लघवीत तपकिरी दाणेदार कास्ट (ट्यूब्यूलच्या साच्यात बनलेले तुकडे) दिसतात. पण किडनीच्या ट्यूब्यूलच्या पेशी विभागू शकतात, त्यामुळे खालची बेसमेंट मेंब्रेन टिकली आणि मधल्या काळात गरज पडली तर डायलिसिसने पेशंट सांभाळला, तर उरलेल्या पेशी पसरून ती नळी परत अस्तरून घेतात, आणि काही आठवड्यांत लघवी परत सुरू होऊ शकते.